विश्लेषण : हृदयाची लय बिघडली, तर व्यायाम बंद करायचा का?

ईसीजीच्या कागदावर ‘ठोके अनियमित’ असा शेरा आला, की घरात पहिला हुकूम सुटतो तो सकाळचे फिरणे बंद करण्याचा. मग जिना बंद, सायकल बंद, बाजारातून पिशवी आणणेही बंद. जिममध्ये कोणी कोसळल्याच्या चित्रफिती मोबाइलवर सतत फिरत असतात, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी आहे. पण गेल्या १०-१२ वर्षांत हृदयाच्या लयबिघाडावर जे संशोधन झाले, ते बहुतेक रुग्णांच्या बाबतीत याच्या उलट सांगते. यातल्या अनेकांना फिरण्यापेक्षा बसून राहण्याचा धोका अधिक आहे. मात्र काही मोजके लयबिघाड असेही आहेत, ज्यांत एक जोरदार धाव जिवावर बेतू शकते. त्यामुळे व्यायाम करावा की नाही, याआधीचा प्रश्न असतो : लयबिघाड नेमका कोणता आहे?

कोपनहेगनमध्ये काय घडले होते?

१२ जून २०२१. युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्क आणि फिनलंड यांच्यातला सामना. मध्यांतराला काही मिनिटे उरली असताना डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता मैदानात कोसळला. वय २९. हृदय थांबले होते. मैदानातच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू करण्यात आले आणि जगभरच्या लाखो लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. काही दिवसांत त्याच्या शरीरात ‘आयसीडी’ हे यंत्र बसवले गेले. ठोक्यांवर अखंड पहारा ठेवणारे आणि लय जीवघेणी झाली तर आतूनच झटका देणारे हे यंत्र असते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. तो तेव्हा इटलीतल्या इंटर मिलान संघाकडे होता आणि तिथल्या नियमांनुसार असे यंत्र बसवलेल्या खेळाडूला व्यावसायिक सामने खेळता येत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये करार संपुष्टात आला. इंग्लंडमध्ये तसा नियम नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डने त्याला घेतले, पुढच्याच महिन्यात तो मैदानात उतरला आणि जून २०२४ मध्ये, कोसळल्यानंतर बरोबर ११०० दिवसांनी, त्याने पुढच्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला. हृदय तेच आणि यंत्रही तेच, तरी एका देशात बंदी आणि दुसऱ्या देशात परवानगी. या विषयात वैद्यकशास्त्राचेच मत किती बदलत होते, याचा हा नमुना.

अर्थात, एरिक्सनच्या मागे तज्ज्ञांचा ताफा होता आणि मैदानाच्या कडेला झटका देणारे यंत्र. पुण्यातल्या टेकडीवर एकट्याने चढणाऱ्या ५८ वर्षांच्या माणसाने त्याची नक्कल करणे हा शहाणपणा नव्हे. पण त्याच माणसाने आयुष्यभर खुर्चीत बसावे, हाही वैद्यकीय सल्ला नव्हे.

लय बिघडते म्हणजे नेमके काय होते?

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनाचा इशारा उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या पेशीसमूहातून निघतो. तिथून वीज वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या ‘चौकी’वर क्षणभर थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत जाते. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके ही सर्वसाधारण मर्यादा. रोज धावणाऱ्यांचे ठोके ५० पर्यंत असले तरी त्यात काही वावगे नसते.

हार्ट अटॅक हा नळाचा प्रश्न, म्हणजे रक्तवाहिनी तुंबते. लयबिघाड हा वायरिंगचा प्रश्न. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण एक म्हणजे दुसरा नव्हे. अँजिओग्राफी ‘क्लीन’ आली म्हणून लयबिघाड नाही असे होत नाही आणि धडधड झाली म्हणजे अटॅक आला असेही नाही.

बिघाडाचे प्रकार अनेक आहेत. मध्येच एखादा जादा ठोका पडणे हा सर्वात सामान्य प्रकार. ‘एक ठोका चुकला’ असे ज्याचे वर्णन केले जाते, तो बहुतेकदा चुकलेला नसून लवकर पडलेला असतो. हृदय सुदृढ असेल आणि व्यायाम सुरू केल्यावर हे ठोके नाहीसे होत असतील, तर बहुधा काळजीचे कारण नसते. व्यायामाबरोबर ते वाढत असतील, तर मात्र तपासणी हवीच. दुसरा प्रकार एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणाऱ्या वेगवान ठोक्यांचा. त्याला डॉक्टर ‘एसव्हीटी’ म्हणतात. मांडीतून नळी घालून जादा वाट जाळून टाकण्याच्या उपचाराने यातले बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात आणि मग त्यांच्या व्यायामावर सहसा बंधन राहत नाही.

तिसरा, आणि वाढत्या वयात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, बोलीत ‘एएफ’. यात वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तिथे मिनिटाला ३५० हून अधिक विस्कळीत इशारे निघत असतात. मधली चौकी त्यातले जमतील तेवढे खाली सोडते, म्हणून नाडी कधी दोन ठोके जवळ, कधी एक लांब अशी लागते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गाठ होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणूनच अनेक रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी दिली जाते. भारतात या आजाराला आणखी एक पदर आहे. लहानपणच्या सांधेतापाने झडप आकसलेली असेल, तर एएफ पश्चिमेपेक्षा कमी वयातच गाठतो. अशा रुग्णाने व्यायामाआधी झडपेची स्थिती पाहून घ्यावी. आकसलेल्या झडपेतून रक्त पुढे जायला वेळ लागतो आणि ठोके वाढले की तोच वेळ कमी पडतो. परिणामी धाप लागते, फुप्फुसात पाणीही भरू शकते.

एएफच्या रुग्णांबाबत पुरावा काय सांगतो?

इथे पुरावा आश्चर्य वाटावे इतका एका दिशेने जातो. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड शहरातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ३०८ एएफ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. शारीरिक क्षमता ‘मेट’ या एककात मोजतात. शांत बसलेले असताना शरीराला लागणारी ऊर्जा म्हणजे एक मेट, सपाटीवर बऱ्यापैकी वेगाने चालताना साधारण तीन-साडेतीन मेट. या रुग्णांमध्ये क्षमता एका मेटने वाढली, की एएफ पुन्हा उद्भवण्याचा धोका नऊ टक्क्यांनी घटलेला दिसला. याच शहरात पुढे १२० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना सहा महिने देखरेखीखाली व्यायाम, तोही हळूहळू वाढवत आठवड्याला २१० मिनिटांपर्यंत. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षअखेर व्यायाम करणाऱ्यांपैकी ४० टक्के रुग्णांना एएफ पुन्हा झाला नव्हता, दुसऱ्या गटात हे प्रमाण २० टक्के होते.

नॉर्वेतल्या एका अभ्यासात ५१ रुग्णांच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारी चिप बसवली होती. १२ आठवडे आठवड्यातून तीनदा, चार-चार मिनिटांचे जोरदार टप्पे आणि मध्ये दमसास घेण्याची सवलत, असा व्यायाम ज्यांनी केला त्यांचा एएफमध्ये जाणारा वेळ ८.१ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला. ज्यांनी केला नाही, त्यांचा १०.४ वरून १४.६ टक्क्यांवर गेला. अभ्यास छोटा आहे आणि व्यायाम तज्ज्ञांच्या नजरेखाली झाला, हे ध्यानात ठेवायला हवे.

व्यायाम हे कसे करतो? एएफला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी म्हणजे लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे आणि दारू. व्यायाम यातल्या पहिल्या तिन्हींवर एकाच वेळी काम करतो, झोपही सुधारते. दारूचे वेगळे सांगायला हवे. नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांवरच्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, दारू सोडलेल्या गटात सहा महिन्यांत ५३ टक्के जणांना त्रास परतला, चालू ठेवलेल्या गटात ७३ टक्के जणांना. सकाळी पाच किलोमीटर चालून रात्री ‘बसणाऱ्यांनी’ हा आकडा लक्षात ठेवावा.

मग जितका जास्त व्यायाम, तितके चांगले?

नाही. स्वीडनमध्ये ‘वासालोपेट’ नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत होते. ती पूर्ण केलेल्या ५२,७५५ जणांच्या आरोग्य-नोंदी संशोधकांनी तपासल्या. एकदाच शर्यत केलेल्यांच्या तुलनेत पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत लयबिघाडाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाले. वेगवान स्पर्धकांतही ते संथ स्पर्धकांपेक्षा अधिक होते. वर्षानुवर्षे टोकाची मेहनत केली की वरचे कप्पे ताणले जातात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

आता याचा अर्थ सोसायटीच्या आवारात अर्धा तास चालणाऱ्याने काढायचा नाही. ही रेघ दहा-दहा वर्षे मॅरेथॉन आणि त्यापलीकडची अंतरे पळणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात आता मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर अशा शहरांत पळणाऱ्यांचे मोठे गट आहेत आणि त्यात चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करून दोन वर्षांत पूर्ण मॅरेथॉन गाठणारे कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणाला एएफ निघाला, तर डॉक्टर बहुधा पळणे बंद करायला सांगत नाहीत. काही आठवडे मात्रा कमी करून फरक पडतो का, हे आधी पाहतात.

कोणी परवानगीशिवाय धावूच नये?

इथे सबुरी नाही, सक्त मनाईच हवी. काही लयबिघाड जन्मजात असतात आणि तरुण वयात पहिले लक्षणच कोसळणे हे असू शकते. ‘लाँग क्यूटी’ या विकाराच्या एका प्रकारात विशेषतः पोहताना लय बिघडते. ‘सीपीव्हीटी’ या विकारात विश्रांतीतला ईसीजी पूर्णपणे सर्वसाधारण येतो आणि बिघाड दिसतो तो ट्रेडमिलवर पळवल्यावरच. उजव्या खालच्या कप्प्याचा स्नायू चरबीने बदलत जाणारा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात तर जोरदार व्यायामाने मूळ रोगच वेगाने वाढतो. म्हणून पळताना, पोहताना किंवा घाबरल्यावर शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर ‘उपाशी होता म्हणून चक्कर आली’ यावर समाधान मानू नये. शाळेच्या क्रीडा शिक्षकांनी आणि अकादमीच्या प्रशिक्षकांनीही ही दोन वाक्ये पाठ करावीत.

विषाणूसंसर्गानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, तर साधारण तीन ते सहा महिने मेहनतीचा व्यायाम बंद ठेवून, पुन्हा तपासणी करूनच सुरुवात करायची असते. साध्या तापातही जिम गाठणारे अनेक असतात. ताप, जुलाब किंवा डेंग्यूतून उठल्यावर लगेच घाम गाळू नये. ज्याला लयबिघाड आहे त्याने तर नाहीच. जुलाबातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जाते, ठोक्यांचा तोल या क्षारांवर असतो. लाँग क्यूटीच्या रुग्णांसाठी अजिथ्रोमायसिन किंवा ओंडानसेट्रॉनसारखी जुलाब-उलटीवर सहज मिळणारी औषधेही घातक ठरू शकतात. औषधाच्या दुकानात आजार सांगायला लाजू नये.

जन्मजात विकारांतही चित्र बदलते आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकारातल्या १६६० जणांवरच्या आणि लाँग क्यूटीच्या १४१३ जणांवरच्या अलीकडच्या दोन अभ्यासांत, जोरदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये गंभीर घटनांचे प्रमाण मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले नाही. हे दिलासा देणारे आहे. पण हे लोक निदान झालेले आणि तज्ज्ञांच्या देखरेखीत असलेले होते. ज्याचे निदानच झालेले नाही, त्याला या आकड्यांचा आधार नाही.

सुरुवात कशी करायची?

आधी ईसीजी आणि टूडी इको. त्यानंतर गरजेप्रमाणे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, आणि २४ तास किंवा अधिक काळ ठोके नोंदवणारे होल्टर. रक्तात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम. थायरॉइड जास्त असेल, तर एएफवर बाकी कितीही उपाय केले तरी मूळ कारण तसेच राहते. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा हृदयाची पंपाची ताकद कमी आहे, त्यांनी पहिले काही आठवडे रुग्णालयाच्या देखरेखीखालच्या व्यायाम केंद्रात काढले तर उत्तम. अशी केंद्रे मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहेत, ही खरी अडचण. मग निदान स्ट्रेस टेस्टच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारावे : ‘मी किती ठोक्यांपर्यंत जाऊ?’

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. नव्याने निदान झालेल्याने तिथून सुरू करायचे नसते, तिथे पोहोचायचे असते. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे सपाटीवर चालणे पुरेसे. मग दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवावीत. आधी वेळ, नंतर वेग, चढ सर्वात शेवटी.

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटे. एकदम वेग घेतला की अॅड्रेनलिन उसळते आणि एएफमध्ये तर नाडी क्षणात वर जाते. एकदम थांबले की पायांतले रक्त पायांतच राहते, रक्तदाब घसरतो आणि अॅड्रेनलिन मात्र अजून चढलेलेच असते. अनेकांना धडधड व्यायामात नव्हे, तो संपवून बाकावर टेकल्यावर होते, ती यामुळे. शेवटची फेरी रमतगमत मारावी.

मनगटावरच्या घड्याळावर किती विश्वास ठेवायचा?

अर्धा. ‘२२० वजा वय’ हे सूत्र जिमच्या भिंतीवर लिहिलेले असते. पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशा बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ते निरुपयोगी. या गोळ्या ठोके मुद्दाम रोखून धरतात. साठ वर्षांचा माणूस घड्याळातला १६० चा आकडा गाठायला धडपडला, तर आकडा येणार नाही, दम मात्र निघेल. आणि व्यायाम ‘चांगला व्हावा’ म्हणून त्या दिवशीची गोळी टाळणे हा प्रकार तर फारच धोक्याचा. बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास ठोके उसळी घेतात.

एएफमध्ये आणखी एक गोम आहे. घड्याळ मनगटाच्या त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजते. ठोके अनियमित असले की काही लाटा इतक्या दुबळ्या असतात, की त्या मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. हृदय १३० वेळा धडधडते, घड्याळ ९५ दाखवते. कधी घड्याळ पावलांची लयच ठोके म्हणून मोजते. छातीला बांधायचा पट्टा अधिक भरवशाचा. नाही तर दोन बोटे मनगटावर ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजावी. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची युक्ती इथे चालत नाही.

घड्याळाचा उपयोग नाही असे नाही. अमेरिकेत ४,१९,२९७ जणांवर झालेल्या अभ्यासात अनियमित नाडीचा इशारा केवळ ०.५२ टक्के लोकांना मिळाला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यातल्या ३४ टक्के जणांत एएफ दिसला. म्हणजे इशारा आला तर डॉक्टरांकडे जावे, पण रात्रभर झोप उडवून घेऊ नये. घड्याळातल्या ईसीजीने हार्ट अटॅक कळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

सर्वात स्वस्त मोजमाप तोंडात आहे. चालताना सलग बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. दोन शब्दांमागे थांबावे लागत असेल, तर वेग जास्त झाला.

योग, वजने आणि पेसमेकर

अमेरिकेतल्या कॅन्सस येथे ४९ एएफ रुग्णांनी तीन महिने योगवर्गाला हजेरी लावली, तेव्हा त्यांचे झटके आणि चिंता दोन्ही कमी झाले. संथ श्वसन, आसने आणि शवासन यांवर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही. जोराने केलेली कपालभाती, भस्त्रिका आणि दीर्घ कुंभक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वजनांचेही तेच. हलकी वजने, जास्त वेळा, आणि उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जड वजन खेचले की रक्तदाब झपाट्याने चढतो. जिममध्ये मिळणाऱ्या ‘प्री-वर्कआउट’ पावडरींत भरपूर कॅफिन आणि इतर उत्तेजके असतात. लयबिघाड असलेल्याने तो डबा उघडूच नये.

पेसमेकर किंवा आयसीडी बसवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर न्यायचा नसतो, वायर जागेवर बसायला तेवढा वेळ लागतो. पण हात गळ्यात बांधून अजिबात न हलवल्यास खांदा आखडतो, हेही होते. बऱ्याच पेसमेकरमध्ये शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवणारा संवेदक असतो. चालताना तो नीट काम करतो, जागेवरच्या सायकलवर मात्र धड फारसे हलत नाही, म्हणून यंत्राला वाटते माणूस बसला आहे आणि रुग्णाला विनाकारण थकवा येतो. यंत्राचे सेटिंग बदलून हे सुधारता येते, सांगायला मात्र हवे.

आयसीडीबाबत सर्वात महत्त्वाचा आकडा म्हणजे यंत्र किती ठोक्यांना झटका देण्यासाठी लावले आहे तो. धावताना नाडी त्याच्या जवळ गेली, तर निरोगी लयीतही झटका बसू शकतो. खेळणाऱ्या ३७२ आयसीडीधारकांच्या २०१३ मधल्या नोंदीत खेळताना एकही मृत्यू किंवा झटक्यामुळे गंभीर इजा झाली नव्हती, पण सराव किंवा स्पर्धेत झटका बसलेले दहा टक्के होते. कबड्डी, कुस्ती, कराटे यांत यंत्रावर थेट आघात होतो, म्हणून ते टाळण्याचा सल्ला दिला जातो. पाण्यात किंवा कड्यावर एकट्याने जाणेही नको. चुंबक असलेले नवे फोन यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवायचे असतात. चालायला जाताना फोन शर्टाच्या डाव्या खिशात टाकण्याची सवय मोडावी लागते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर प्रश्न ठोक्यांचा नसून पडण्याचा आहे. सायकलवर हेल्मेट हवेच आणि डोक्याला मार लागला तर रक्त दिसो वा न दिसो, रुग्णालय गाठावे.

वारी, गड आणि गरबा यांचे काय?

महाराष्ट्रात ‘व्यायाम’ या शब्दाखाली न मोडणारी मेहनत बरीच आहे. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. एएफ असलेला ६५ वर्षांचा वारकरी ‘यंदा जाऊ का?’ असे डॉक्टरांना बहुधा विचारतच नाही, कारण नकार येईल अशी त्याची खात्री असते. मग तो गोळ्या घरी ठेवून निघतो. त्यापेक्षा दोन-तीन महिने आधी विचारलेले बरे. तेवढ्या काळात रोजचे चालणे वाढवता येते, औषधांचे वेळापत्रक ठरवता येते. दिवे घाटाचा चढ वाहनातून आणि सपाटीचे टप्पे पायी, असाही मार्ग निघतो. लघवीची गोळी चालू असणाऱ्याने एकादशीचा निर्जळी उपास, ऊन आणि चाल हे तिन्ही एकाच दिवशी जुळवून आणू नये.

गडावर जाताना अडचण चढाची कमी आणि सोबतीची जास्त असते. तरुण गट पुढे निघून जातो आणि दम लागलेला माणूस लाजेपोटी वेग सोडत नाही. नवरात्रात गरबा आणि गणपतीत ढोल-ताशा पथक यांचा ताण कोणी मोजत नाही. दिवसभर काम, रात्री जागरण, पोटात चहा आणि मग तासभर उड्या किंवा कमरेला बांधलेला जड ढोल. महिनाभर आधी चालायला सुरुवात, मध्ये मध्ये बसणे आणि पाणी, एवढ्याने बराच फरक पडतो.

कधी थांबायचे, आणि कोणी कोसळले तर?

छातीत दुखणे किंवा दाब, भोवळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, किंवा थांबल्यावर दहा मिनिटांतही न शमणारी धडधड यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच संपला. ‘ही फेरी पूर्ण करतो’ नाही. खाली बसावे, सोबतच्याला सांगावे. शुद्ध हरपली, छातीत दुखत राहिले, तोंड वाकडे झाले किंवा हाताची ताकद गेली, तर १०८ ला फोन. आयसीडीचा एक झटका बसून बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन बसले, तर थेट रुग्णालय.

कोसळलेला माणूस हाका मारूनही प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर पाणी पाजणे, कांदा हुंगवणे यात वेळ घालवू नये. अशा वेळी उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे आणि कोणाला तरी झटका देणारे ‘एईडी’ यंत्र आणायला पिटाळायचे. विमानतळ आणि काही मॉलमध्ये ते भिंतीवर लावलेले असते. चालू केल्यावर ते बोलून सूचना देते आणि झटक्याची गरज नसेल तर देतही नाही. आतून आयसीडी बसवलेला असला, तरी हे यंत्र वापरता येते, पट्टी फक्त त्या उंचवट्यावर चिकटवायची नसते.

रोजच्या फिरण्याच्या गटातल्या दोघांना आपला आजार माहीत असावा. खिशात एक कागद : आजाराचे नाव, चालू गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी आहे की नाही, यंत्राची कंपनी आणि घरच्यांचा नंबर. हीच माहिती फोनमध्ये लॉक न उघडता दिसेल अशा आपत्कालीन माहितीच्या रकान्यात भरता येते. दोन मिनिटांचे काम आहे.